तांबड्या रश्शाबरोबर बान्यूल्स

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की आमच्याकडं हवेला गुळाचा वास सुटतो. लोक त्या वासावर खूश असतात. शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी खिडकी उघडतं, लांब श्वास घेतं आणि म्हणतं, "काय वास सुटलाय बाई." मी उठून खिडकी लावते. मी विज्ञान शिकवते, त्यामुळं चिपाडाचा धूर छातीला वाईट असतो असं म्हटलं की कुणी वाद घालत नाही. खरी गोष्ट अशी की गेली तीन वर्षं मला हा हंगाम सोसत नाही. रस्ताभर सांडलेलं पाचट, उसाच्या ट्रॉलीमागं रांगणारी एसटी, गुऱ्हाळाच्या दारातून "या की पावणं, रस घ्या की" म्हणून हाक मारणारी माणसं, या सगळ्यांचा मला राग येतो. सगळ्यांत जास्त राग येतो तो माझ्या कपाटातल्या एका बाटलीचा.

बाटली फ्रान्सची आहे. आत तिसरा हिस्सा तांबूस-काळी दारू आहे, आणि बाहेर काचेवर वहीच्या कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ती कपाटात साड्यांच्या मागं ठेवलेली असते. उघडलेली बाटली तीन वर्षं ठेवली तर तिचा शिरका व्हायला हवा, निदान वास तरी मारायला हवा. मी दर हंगामात बूच काढून हुंगते. थोडा जोर कमी झाला असेल, पण ती बिघडत नाही. बिघडली असती तर मोरीत ओतून मोकळी झाले असते.

ही दारू बनवायची तऱ्हा माझ्या भावानं मला चहा गाळता गाळता सांगितली होती. द्राक्षाचा रस आंबायला ठेवायचा. तो निम्मा आंबला, की त्यात कडक दारू ओतायची. त्यानं आंबणं जागच्या जागी थांबतं, रसातली उरलेली साखर तशीच राहते, आणि दारू गोडही होते आणि जहालही. मग ती काचेच्या मोठ्या बरण्यांत भरून उघड्यावर ठेवायची. उन्हाळ्याचं ऊन, थंडीचा गारठा, सगळं खाऊ द्यायचं. "मुद्दाम बिघडीवत्यात आक्का," तो म्हणाला होता. "म्हणून मग फुडं बिघडायला काय ऱ्हातच न्हाय." यीस्ट मेल्यावर आंबणं थांबतं हे मी दर वर्षी नववीच्या वर्गाला शिकवते. त्यानं ते मला नव्यानं समजावून सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं.

रणजित माझ्याहून सहा वर्षांनी लहान. हॉटेलचं शिक्षण घेऊन तो फ्रान्सला गेला आणि दहा वर्षं तिकडं, दक्षिणेला समुद्राकाठच्या एका हॉटेलात राहिला. त्याचं काम म्हणजे जेवायला आलेल्या माणसाला कुठल्या पदार्थाबरोबर कुठली दारू घ्यायची ते सांगणं. एवढ्याच कामाला पगार देतात हे आमच्या आबांना पटायला दोन वर्षं लागली. गावात ते सांगायचे, "पोरगं हाटेलात सायब हाय." आई तेव्हा होती. ती म्हणायची, "मी तुमास्नी रोज सांगती कशासंगं काय खायाचं, मला कवा पगार दिलासा?"

आई गेली, आबांचं वय झालं, आणि घर मी सांभाळलं. हे उपकार म्हणून सांगत नाही. नोकरी कोल्हापुरात, गाव पंचगंगेच्या काठाला, शाळेपासून गाडीवर वीस मिनिटांचं. लग्न जमलं नाही, मग जमवायचंही राहिलं. पण गुऱ्हाळ मला आवडायचं, हे मात्र कबूल करते. आबा गुळव्या. गुऱ्हाळ आमचंच, आणि त्यावरचा गुळव्याही आमचाच. गुळव्या म्हणजे उसाचा रस कढत असताना गूळ झाला कधी हे ठरवणारा माणूस. काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात चिपाड ढकलणारा म्हादूमामा घामानं निथळत असतो, मळी काढून झालेली असते, आणि आबा बोटावर थेंब घेऊन गार पाण्यात सोडतात. पाण्यात त्याची गोळी झाली, की "उतरा" म्हणतात. दोन मिनिटं आधी उतरला तर गूळ पाझरतो, दोन मिनिटं उशिरा उतरला तर करपतो. लहानपणापासून मी काहिलीशेजारच्या पोत्यावर बसून अभ्यास केला. त्या सगळ्या वर्षांत आबांनी मला कधी म्हटलं नाही, की ये, थेंब बघ.

तीन वर्षांपूर्वीच्या हंगामाला रणजित आला तो चार बाटल्या कपड्यांत गुंडाळून, आणि आल्या दिवशी संध्याकाळी काहिलीजवळ उभा राहून आबांना म्हणाला, "आबा, तुमचं आन् त्यांचं काम एकच हाय. कवा थांबवायचं, येवढंच."

आबांनी मान वर केली. "त्येंचा गुळव्या कसा वळखतो?"

"जिभंवर. चाखून."

"मग बरा असंल," आबा म्हणाले, आणि त्यांनी त्याला जवळ बोलावून थेंब दाखवला. पाण्यातली गोळी बोटांत कशी वळायची, वाटीच्या काठावर आपटली की कसा आवाज यायला हवा, सगळं. मी हातात चहाची किटली घेऊन उभी होते. पोरगा दहा वर्षांनी आला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला आला तो राग, आणि तो इतका जुना निघाला की मलाच नवल वाटलं. जो निघून गेला त्याला सगळं दाखवायचं. जी इथंच बसलेली आहे तिला काय दाखवायचं, ती बघतेच आहे.

त्याचा बेत दोन दिवसांत कळला. पुण्याचे पाटणकर म्हणून एक गृहस्थ होते, त्यांची दोन-तीन हॉटेलं. त्यांना कोल्हापूरकडं काहीतरी वेगळं काढायचं होतं. आमच्या गुऱ्हाळाची जागा त्यांना फोटोत आवडली होती. चुलवाण पाडायचं, काहिलीच्या जागी टेबलं मांडायची, आणि बाहेरून येणाऱ्या लोकांना इथलं जेवण आणि तिकडची दारू एकमेकांना जुळवून द्यायची. पेअरिंग. हा शब्द रणजित इतक्यांदा वापरायचा की म्हादूमामाही चिपाड ढकलताना "प्यारिंग, प्यारिंग" करायला लागला. पाटणकर एका रविवारी दुपारी जेवायला येणार होते. त्यांना पटलं, तर रणजित कायमचा इथं राहणार. नाही पटलं, तर तिकडची नोकरी होळीपर्यंत त्याच्यासाठी धरून ठेवलेली होती, तिच्यावर परत जाणार.

"आक्का, मी हितंच ऱ्हाणार बग आता," तो म्हणाला. "आबास्नी बी बरं पडंल."

मी विचारलं, "आबांना विचारलंस का, चुलवाण पाडू का म्हणून?"

"विचारलं की. बघू म्हणाले."

आबांचं 'बघू' मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ मी 'नाही' असा लावला. मला तो तसाच लावायचा होता.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात जे चाललं ते आठवलं की आजही माझं डोकं तडकतं. प्रत्येक जेवणाला रणजित टाकाच्या दौतीएवढे ग्लास मांडायचा आणि घोटभर दारू ओतून समोर बसायचा. पिठल्याबरोबर बघ. खर्ड्याबरोबर बघ. भडंगाबरोबर बघ. कुरुंदवाडची बासुंदी आणून तिच्याबरोबर एक फिकी पिवळी दारू चाखवली, मस्कत नावाची, तिला मोगऱ्यासारखा वास. गोडावर गोड, मी म्हटलं, याला काय अक्कल लागते? तो हसला आणि वहीत लिहीत राहिला. लाल होती ती बान्यूल्स. तिच्याबरोबर तिकडं चॉकलेट खातात, अंजीर घालून शिजवलेलं बदक खातात, आणि निळी बुरशी आलेलं चीज खातात. आमच्याकडं बुरशी आली की उकिरडा. हे मी बोलले. मी रोज काहीतरी बोलत होते आणि तो रोज हसत होता, त्यामुळं मला अजून चेव यायचा.

एका गोष्टीनं मात्र मला गप्प केलं. त्यानं बान्यूल्सचा ग्लास आबांपुढं ठेवला. आमच्यात बापासमोर मुलगा पीत नाही, आणि बापाला पाजतही नाही. मला वाटलं आबा उठून जातील. आबांनी ग्लासात बोट बुडवलं, अंगठ्याला लावलं आणि दोन्ही बोटं हळूच लांब केली.

"तार येत न्हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी काहिलीच्या कडेला चिकटलेली खरवड उलथन्यानं काढली, मूठभर भाजलेले शेंगदाणे घेतले, ते सगळं तोंडात टाकून घोट घेतला आणि बराच वेळ चुलवाणाकडं बघत बसले. "म्हातारी झालेली काकवी हाय ही," ते म्हणाले. रणजितनं तोंड फिरवून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. दहा वर्षं त्यानं परक्या माणसांना पदार्थ जुळवून दिले होते आणि बापानं एका घोटात जुळवून दाखवलं होतं. तो किती सुखावला होता हे मला दिसत होतं. मी तिथून उठले आणि भांडी घासायला घेतली, जरा आवाज करूनच.

रविवारचं मटण मी करायचं ठरलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, भाकरी. आमची चटणी, म्हणजे कांदा-लसूण घालून उन्हाळ्यात कुटलेला लाल मसाला, आईच्या मापानं केलेली. आदल्या दिवशी रणजित स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसला. "आक्का, येक आयक. चटणी निम्मी घाल."

"निम्मी? पाटणकर आजारी आहेत का?"

"तसं न्हवं. ह्या दारूत जाळ आधीच हाय. मिरचीवर कडक दारू पडली की तिखट दुप्पट हुतं, तोंडात नुसता वणवा. निम्म्या चटणीला हिची गोडी पुरती, मग मटणाचा वास आन् हिचा वास असा एक हुतो बग. मी रोज करून बघितलंय. निम्मीला बसतंय, वर गेलं की फाटतंय."

त्यानं बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. प्रत्येक बाटलीवर तो अशी चिठ्ठी लावायचा, कशाबरोबर द्यायची त्याची. हीवर लिहिलं, 'आक्काच्या तांबड्या रश्शाबरोबर. चटणी निम्मी.' माझं नाव फ्रान्सच्या बाटलीवर बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला एवढंच दिसलं, की माझ्या आईच्या चटणीला कुणीतरी बाहेरचं येऊन निम्मी कर म्हणतं आहे. आणि हेही लक्षात आलं, की हा बेत कसा मोडायचा ते त्यानं स्वतःच मला सांगितलं आहे.

रविवारी पाटणकर आणि त्यांच्या पत्नी बाराच्या सुमाराला आले. सौम्य माणसं होती, उगाच खोटं सांगणार नाही. आबांच्या हट्टामुळं गावातले तिघे आणि म्हादूमामाही पंगतीला होते. रणजितनं सगळ्यांपुढं छोटे ग्लास ठेवून त्यात बान्यूल्स ओतली आणि आत पानं आणायला आला. परत जाऊन बघतो तर गावाकडचे चारही ग्लास कोरडे.

"मामा, ती जेवणासंगं घ्यायची हुती," तो म्हणाला.

म्हादूमामा त्याच्याकडं बघत राहिला. "जेवताना कोण पितंय व्हय? आदी प्यायचं, मग जेवायचं. पानावर बसल्यावर दारू शिवत न्हाईत, बाबा." बाकीच्यांनी माना हलवल्या. कोल्हापूरकडची ही रीत पक्की आहे, पिणं वेगळं आणि जेवण वेगळं. दहा वर्षं बाहेर राहून हा ती विसरला होता. रणजितनं पुन्हा ओतली, त्यांनी पुन्हा पानं यायच्या आत संपवली, वर "काकवीगत लागतंय, पर बरं हाय" असं सांगितलं. पाटणकर पोट धरून हसत होते. त्यांना ते फार आवडलं होतं. "हेच हवंय," ते पत्नीला म्हणाले, "हे लोक, ही जागा." स्वयंपाकघराच्या दारातून मी ते ऐकलं.

तोवर मी रणजितनं सांगितल्याप्रमाणं निम्मीच चटणी घातली होती. रणजित आत आला, त्यानं पळीभर रस्सा वाटीत घेतला, चाखला, घोटभर बान्यूल्स घेतली, डोळे मिटले. "आक्का," तो म्हणाला, "बसलं." लहानपणी पतंग वर गेल्यावर त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता. तो पांढरा रस्सा घेऊन बाहेर गेला. मी चटणीचा डबा पुन्हा उघडला. लहान कढईत तेल तापवलं, चार चमचे चटणी त्यात सोडली, लालभडक कट झाला, आणि तो सगळा पातेल्यावर ओतून ढवळला. मला त्या क्षणी समाधान वाटलं, हेही सांगून टाकते.

पाटणकरांनी रश्शाचा घास घेतला आणि सांगितल्याप्रमाणं वर घोट घेतला. मग ते खोकले. तिखट विझवायला त्यांनी उरलेला ग्लास एका दमात संपवला, आणि मग त्यांना बोलताही येईना. डोळ्यांतून पाणी, कानाच्या पाळ्या लाल. त्यांच्या पत्नीनं एकच घास घेतला होता, त्या नुसत्या "दही, दही" म्हणत होत्या. गावाकडची माणसं आनंदात ओरपत होती. "आज रस्सा जमलाय बग," म्हादूमामा म्हणाला. रणजितनं वाटी तोंडाला लावली आणि घोट घेऊन खाली ठेवली. मी दारात उभी होते. तो माझ्याकडं बघेल असं मला वाटलं आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. तो ग्लासाकडं बघत होता.

पाटणकरांनी जाताना आबांचे हात धरून आभार मानले. रणजितला म्हणाले, "जागा उत्तम आहे हो. पण ही दारू आणि हे जेवण, तुमचा अंदाज चुकलाय असं वाटतं. बघू, कळवतो." त्यांनी कळवलं नाही.

गाडी गेल्यावर रणजित पातेल्यापाशी आला, पुन्हा एक पळी चाखली, आणि पाटावर बसला. त्याला संशय येईल, तो भांडेल, मग मीही वीस वर्षांचं साठलेलं बाहेर काढीन, अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, "मी चाखलंतं, आक्का. मीच बसलं म्हणालो. येवढं तिखट मला कळलंच न्हाय. पंधरा दिस मिरची खाऊन माझी जीभ गेली."

मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही रे, जीभ नाही गेली. ते पाच शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी म्हटलं, "होतं असं. ताक देऊ का?"

होळीच्या आधी तो परत गेला. आबांशी फोनवर बोलतो, माझ्याशी 'बरी आहेस ना' एवढंच. त्याला माझा राग नाही, त्याला माझा आवाज ऐकून आपली चूक आठवत असेल. पहिल्या वर्षीच आबांनी मला सांगितलं, की तो आता तिकडं टेबलावर जात नाही. आत कोठारात माल लावतो. कुणाला काय कशाबरोबर घ्या म्हणून सांगत नाही. "जिबंचा भरवसा ऱ्हायला न्हाय म्हणतो," आबा म्हणाले आणि माझ्याकडं बघत बसले. मी वह्या तपासत होते, तपासत राहिले.

गुऱ्हाळ मी वाचवलं, असं मी त्या वर्षी स्वतःला समजावलं. पुढच्या दिवाळीला मी हौसेनं चुलवाण सारवून घेतलं आणि आबांना म्हटलं, चला, पेटवू. आबा आले नाहीत. खांदा दुखतो म्हणाले, डोळ्यांना धूर सोसत नाही म्हणाले. मी बाहेरचा गुळव्या लावला. त्यानं दोन काहिली करपवल्या आणि तिसरीचा गूळ पाझरला. त्या दिवशी मी चिडून आबांना बोलले, की तुम्ही नुसतं खुर्ची टाकून बसला असता तरी चाललं असतं, एवढं मी तुमच्यासाठी राखलं.

"माज्यासाटी?" आबा म्हणाले. "मला ते चुलवाण पाडायचंच हुतं, शैला. पन्नास वर्सं धूर खाल्ला. डोळं गेलं. पोरगं हितं राहील म्हणून मी पाटणकराला बोलीव म्हणलंतं."

"मग तुम्ही बघू म्हणालात ते?"

"तुला वाईट वाटू न्हाय म्हणून म्हणालो."

त्यांनी पायावरची चादर नीट केली. "आन् त्या दिशी रस्सा तुज्या आईच्या मापाचा न्हवता. ती कट येवढा कवा काढत न्हवती. म्या पैल्या घासाला वळखलं."

"मग त्याला सांगितलं का नाही?"

"म्या का सांगू?" आबा म्हणाले. "चटणी म्या घातलीती व्हय?"

त्याला आता दोन वर्षं झाली. चुलवाणावर गवत वाढलं आहे. म्हादूमामा पलीकडच्या गुऱ्हाळावर कामाला जातो. मी दोन वर्षं काय केलं, तर चिडले. आबांवर चिडले, पुण्याच्या लोकांवर, धुरावर, स्टाफरूमच्या खिडकीवर. एवढी मिरची लावून दुसऱ्याचं तोंड पोळवता येतं, पण बाटली काही बिघडत नाही. बूच काढलं की तोच वास येतो, वाळल्या अंजिराचा, जुन्या गुळाचा, आणि मागून चढणाऱ्या दारूचा. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. ज्या वस्तूचं उन्हातान्हात जे व्हायचं ते होऊन गेलं आहे, ती आता बदलणार नाही, एवढं मला समजतं. मी वाट कसली बघत होते कुणास ठाऊक.

आमच्याकडं पहिल्या काहिलीची काकवी, म्हणजे गुळाच्या आधीचा पातळ पाक, घरातलं जे माणूस लांब असेल त्याला पाठवतात. सासरी गेलेल्या मुलींना जाते, नोकरीला गेलेल्या मुलांना जाते. आबा दर वर्षी रणजितला बाटली भरून देतात, तिकडं जाणारं कुणी ना कुणी सापडतंच. गेली दोन वर्षं ती त्यांनी स्वतः भरली, मला हात लावू दिला नाही. या वर्षी म्हादूमामानं पलीकडच्या गुऱ्हाळावरून काकवीची किटली आणून दिली. आमच्या शाळेतल्या एक बाई लेकीकडं तिकडं निघाल्या आहेत. आबांनी बाटली धरली, आणि काकवी निम्मी बाटलीत, निम्मी गुडघ्यावर. त्यांना आता धार दिसत नाही. त्यांनी किटली माझ्याकडं सरकवली. "तू भर," म्हणाले.

त्या दिवशी रविवार होता. मी मटण आणलं, आईच्या मापाच्या निम्म्यानं चटणी घातली, कट काढला नाही. जेवायच्या वेळी कपाटातली बाटली काढून उरलेली बान्यूल्स स्टीलच्या पेल्यात ओतली. मी रश्शाचा घास घेतला आणि वर घोट. आधी तिखट चढलं, मग गोडी आली आणि तिनं त्या तिखटाला धरलं, आणि मटणाचा वास आणि त्या दारूचा वास एक झाला. मला तो पदार्थ नावडायला हवा होता. मी दुसरा घास घेऊन पाहिला, तिसरा घेऊन पाहिला. जमतं. मेलं जमतं. तो म्हणाला होता तसंच जमतं, निम्मीला बसतं. मी पेला संपवला आणि पानावरच रडले, आणि आबा भाकरी कुस्करत बसले.

मग मी बाटली गरम पाण्यानं धुतली, चिठ्ठीला पाणी लागू न देता. उन्हात वाळवली. काकवी गाळून भरली, एक थेंब बाहेर सांडला नाही. चिठ्ठीवर त्याचं अक्षर अजून स्पष्ट आहे. 'आक्काच्या तांबड्या रश्शाबरोबर. चटणी निम्मी.' खाली दोन ओळींची जागा होती. मी शाळेतलं लाल पेन घेतलं, मग ठेवून निळं घेतलं.

"काय लिवलंस?" आबांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "तू चाखून बाहेर गेल्यावर चटणी मी वाढवली. तुझी जीभ बरोबर होती."

आबांनी हात पुढं करून बाटली चाचपली, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा माझ्याकडं दिली.

"बूच घट्ट लाव," ते म्हणाले. "लांब जायाचं हाय."